आर्म दाबला की गिटार बेसूर: ब्रिज बदलण्याआधी आणि बदलताना

काही इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) सूर वरखाली करायचा दांडा असतो, तो आर्म. तो दाबून सोडला की तिसरी, म्हणजे जी (G) तार चढलेली सापडते. ती लावावी, परत आर्म दाबावा, परत चढलेली. चार-पाच वेळा हा खेळ झाला की काही जण वैतागून आर्म काढतात, केसच्या कप्प्यात टाकतात आणि विसरून जातात. बाकीचे नवा ब्रिज विकत घेतात. मी दुसऱ्या जातीतला. माझ्या पहिल्या व्हायब्रॅटोवाल्या, म्हणजे आर्म असलेल्या, गिटारवर मी ब्रिज बदलला, स्प्रिंगा बदलल्या, तारांचे तीन वेगवेगळे संच लावून पाहिले. जी तार चढायची ती चढतच राहिली. दोष पार दुसऱ्या टोकाला होता, नटच्या (खुंट्यांजवळ तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचेत. पेन्सिलीचं शिसं आणि दहा मिनिटांचं घासकाम, एवढ्यावर तो गेला.

त्यामुळे ब्रिज कोणता घ्यायचा आणि बसवायचा कसा याकडे येण्याआधी एक चाचणी सांगतो. ती केल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

चढली की उतरली, एक की सगळ्या

तारा नव्या असतील तर आधी ताणून घ्या. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने उचलून हलकेच ओढायची, परत सुरात लावायची, आणि ओढूनही ती उतरेनाशी होईपर्यंत हे करत राहायचं. न ताणलेल्या तारांवर केलेली चाचणी फुकट जाते.

मग ट्यूनर लावा, सहाही तारा नीट सुरात आणा आणि आर्म खाली दाबा. तारा लोंबकळेपर्यंत दाबायची गरज नाही, दोन-तीन फ्रेट उतरेल एवढं पुरे. सोडा. आता एकही तार बोटाने न खेचता सहाही मोकळ्या छेडा आणि कागदावर प्रत्येकीसमोर वरचा किंवा खालचा बाण काढा. ब्रिज तरंगता असेल, म्हणजे आर्म वरही ओढता येत असेल, तर तारा परत लावून तेच उलट दिशेने करा आणि दुसरा रकाना भरा.

हा कागदच निम्मं काम करतो. कारण असं. आर्म दाबला की नट आणि ब्रिज यांच्यामधली तार सैल पडते. खुंटीकडचा तुकडा मात्र अजून ताठ असतो, म्हणून तो थोडी तार नटमधून आपल्याकडे ओढून घेतो. आर्म सोडल्यावर तेवढी तार परत यायला हवी. खाच घट्ट किंवा खरखरीत असेल तर ती येत नाही, अडकते. वाजणाऱ्या भागात तार कमी पडते आणि सूर चढतो. आर्म वर ओढला किंवा तार बोटाने खेचली की उलटं होतं: जास्तीची तार इकडे येते, परत जात नाही, सूर उतरतो.

म्हणजे एकच तार किंवा दोन तारा दाबल्यावर चढत असतील आणि ओढल्यावर उतरत असतील, तर ब्रिजचा काही संबंध नाही. नट पाहा. खात्री करायची तर ती चढलेली तार बोटाने एकदा जोरात खेचून सोडा. ‘टिक’ असा बारीक आवाज येऊन सूर जागेवर आला तर चोर सापडला.

सहाही तारा एकाच दिशेने हलत असतील, दाबल्यावर सगळ्या उतरलेल्या आणि ओढल्यावर सगळ्या चढलेल्या, तर ब्रिज पूर्ण परत येत नाहीये. तिथे ब्रिज ज्यांच्यावर झुलतो ती धार, स्क्रू आणि पोस्ट (बॉडीत उभे केलेले दोन धातूचे खुंट) तपासायचे.

एक फसवा प्रकार तेवढा लक्षात ठेवा. तरंगत्या ब्रिजवर जी बरीच चढलेली आणि बाकीच्या पाच किंचित उतरलेल्या असं चित्र दिसलं तर लोक ब्रिजला दोष देतात. खरं तर जी अडकल्यामुळे तिचा ताण वाढलाय, तिने ब्रिज केसभर पुढे ओढलाय, आणि म्हणून बाकीच्या सैलावल्यात. दोष नटचाच.

दाबल्यावर एकच तार उतरत असेल तर खुंटीवरचे वेढे सरकतायत, किंवा तार अजून ताणली गेली नाही.

नट

बहुतेकांचं काम इथेच संपेल, म्हणून इथे जरा थांबतो.

तार खाचेतून बाजूला काढा आणि मोठ्या उजेडात, शक्य असेल तर भिंगातून, खाचेचा तळ बघा. गुंडाळीच्या जाड तारा तळाला आडव्या रेषा पाडतात, बारीक करवतीसारख्या. आर्म हलला की गुंडाळीचे वेढे त्या रेषांवर दातासारखे बसतात. जी तारेचं दुखणं वेगळं. तीन-तीन खुंट्या दोन्ही बाजूंना असलेल्या हेडस्टॉकवर डी आणि जी या तारा नटमधून बाहेर पडताना सगळ्यात जास्त कोनात वळतात आणि खाचेच्या कडेवर घासत राहतात. सहाही खुंट्या एका बाजूला असतील तर वळण नसतं, पण तिथे बी आणि पहिली ई या तारा खाली धरणारी स्ट्रिंग ट्री असते. तिच्या खालून तार सहज सरकते का तेही बघा. पत्र्याची वाकवलेली जुनी ट्री असेल तर तिच्या आतल्या बाजूला कधी कधी तारेने पाडलेली खोबण सापडते.

तिसरं कारण आपणच ओढवून घेतलेलं असतं. गिटार ९-४२ च्या संचावर (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) आलेली असते, आपण १०-४६ लावतो. सहाव्या तारेचा व्यास साधारण १.०७ मिमीवरून १.१७ मिमी होतो. खाच होती तेवढीच. तार तिच्यात पाचरीसारखी बसते.

उपाय क्रमाने करा, आधी सोपा. मऊ पेन्सिल, टू बी किंवा त्याहून मऊ, टोक करून खाचेत खसाखसा फिरवा आणि ट्रीच्या खालीही. चाचणी परत करा. बाण नाहीसे झाले किंवा निम्म्यावर आले तर निदान पक्कं, आणि काही महिने तरी शांतता. मूळ दुखणं खाच अरुंद असण्याचं असेल तर शिसं फार दिवस पुरत नाही. मग नटची कानस वापरून खाच रुंद करायची, खोल करायची नाही. तार सहज सरकावी आणि आडवी हलू नये, इतपतच. कानस नसेल तर जुन्या, एक नंबर बारीक तारेला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून मागे-पुढे करा. हात खुंटीच्या बाजूला किंचित खाली झुकलेला ठेवा, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या, फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकेल. खाच चुकून खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नवा नट. तेव्हा तीन-चार घाशे मारायचे, तार घालून बघायची, परत तीन-चार.

खुंटीवर साध्या तारांचे दोन-तीन वेढे पुरतात, एकाखाली एक नीट बसलेले. सात-आठ वेढे म्हणजे एक लहानशी स्प्रिंगच तुम्ही खुंटीवर गुंडाळून ठेवलीय. लॉकिंग खुंट्या हा प्रश्न सोडवतात, पण हाच एक. अडकणाऱ्या नटला त्यांचा उपयोग नाही, आणि जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही.

ब्रिज परत येत नाही तेव्हा

सहा स्क्रूंचा ब्रिज असेल तर नव्वद टक्के वेळा कोणीतरी सगळे स्क्रू घट्ट पिळून ठेवलेले असतात. माणसाचा स्वभावच तो, सैल स्क्रू बघवत नाही. पण या स्क्रूंनी प्लेट, म्हणजे ब्रिजची तळपट्टी, दाबून धरायची नसते, प्लेट त्यांच्या मानेवर झुलायला हवी. तारा सैल करा. टोकाचे दोन स्क्रू हळूहळू आत घ्या. प्लेटची मागची कड उचलायला लागली की थांबा आणि अर्धा वेढा मागे या. मधले चार स्क्रू प्लेटपासून सुमारे दीड मिमी वर ठेवा. आता सगळी झुल टोकाच्या दोघांवर, आणि मधले चार नुसते सोबतीला.

दोन पोस्टच्या ब्रिजवर प्लेटच्या पुढच्या बाजूला सुरीसारखी धार असते आणि ती पोस्टच्या खोबणीत टेकलेली असते. धारेवर बोटाचं नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथे खाच पडलीय. ही खाच बऱ्याचदा आपल्याच हातून पडते: तारा पूर्ण ताणलेल्या असताना ब्रिजची उंची बदलायला पोस्ट फिरवायचा, आणि एवढ्या ताणाखाली पोस्ट धारेला कापत जातो. उंची बदलायची तर आधी तारा सैल. बोथट धार घासून परत आणता येते असं म्हणणारे आहेत. मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा धार सरळ राहिली नाही. आता मी प्लेट बदलतो.

तिसरी जागा म्हणजे पोस्ट लाकडात ज्या बुशवर (ठोकून बसवलेल्या धातूच्या नळीवर) उभा असतो तो बुश. पोस्टच्या बुडाशी बोट टेकवून आर्म दाबा. बोटाला पोस्ट हललेला कळला तर लाकूड ढिलं पडलंय. पोस्टच्या पुढे रंगात केसासारखी चीर दिसतेय का तेही बघा. त्या दुखण्यात सूर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी परततो आणि तुमच्या कागदावरच्या बाणांचा काहीच मेळ लागत नाही.

जो दोष नाहीच

तरंगत्या ब्रिजवर एक तार खेचली की बाकीच्या उतरतात. पंजा ब्रिजवर जड ठेवला की सगळ्या चढतात. एक तार तुटली की उरलेल्या पाच चढतात आणि गाणं तिथेच थांबतं. यात बिघडलेलं काही नाही. एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगांचा, आणि ब्रिज मधे तराजूच्या काट्यासारखा उभा. ६४८ मिमी स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ९-४२ चा संच मिळून साधारण ३८-३९ किलो ओढतो, १०-४६ चा ४६-४७ किलो. संच बदलला की आठ किलोंचा फरक पडतो, ब्रिजची शेपूट वर येते, तारा उंचावतात. लोक तेव्हा सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी बैठक) खाली घ्यायला लागतात. सॅडलला हात लावायचा नाही. मागचं झाकण काढा आणि स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात त्या क्लॉचे दोन लांब स्क्रू आत घ्या, किंवा एक स्प्रिंग वाढवा.

आर्म फक्त खालीच दाबत असाल तर क्लॉ एवढा आवळा की प्लेट बॉडीवर पाठ टेकून बसेल. वर ओढता येणार नाही, पण वरच्या तिन्ही कटकटी एका झटक्यात जातात. मला विचारलंत तर निम्म्या लोकांना तरंगता ब्रिज लागतच नाही.

मग ब्रिज बदलायचा कधी

धार खाचावलेली असेल, सॅडलचे स्क्रू गंजून धरलेले असतील, आर्मच्या भोकाचे आटे गेले असतील, किंवा तुम्हाला ब्रिजचा स्वभावच वेगळा हवा असेल, तर.

विकत घेताना नावाचा घोळ आधी समजून घ्या. स्वर वरखाली होणं म्हणजे व्हायब्रॅटो आणि आवाजाची पातळी कमी-जास्त होणं म्हणजे ट्रेमोलो. पण १९५४ मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली तेव्हा लिओ फेंडरने या ब्रिजला ‘सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो’ म्हटलं, आणि पुढे त्याच कंपनीच्या कितीतरी अँपवर आवाज कमी-जास्त करणाऱ्या चॅनेलला ‘व्हायब्रॅटो’ असं नाव आलं. अदलाबदल पक्की झाली ती झालीच. त्यामुळे सुटे भाग शोधताना ‘ट्रेमोलो ब्रिज’ असंच शोधा.

सहा स्क्रूंचा जुना प्रकार साधा आहे, दुरुस्तीला सोपा आहे, आणि नीट लावला तर हलक्या थरथरीला उत्तम. दोन पोस्टचा जास्त मोकळा हलतो आणि परत येण्यात जास्त भरवशाचा. फ्लॉइड रोझने १९७० च्या दशकाच्या शेवटी आणलेल्या पद्धतीत तार नटपाशी आणि सॅडलपाशी अशी दोन्हीकडे चिमट्यात पकडलेली असते, म्हणून नटमधल्या सरकण्याचा प्रश्नच मुळातून जातो. तारा पार लोंबवायच्या असतील तर याला तोड नाही. पण तार बदलायला दुप्पट वेळ, ट्यूनिंग बदलायचं तर सगळा तोल परत साधायचा, आणि बॉडीत जास्त मोठी कोरीव जागा. साध्या ब्रिजच्या जागी फ्लॉइड बसवणं म्हणजे सुतारकाम आहे: त्याच्या पोस्टमधलं अंतर ७४.३ मिमी, दोन पोस्टच्या नेहमीच्या ब्रिजचं ५६ मिमी. जुनी भोकं बुजवा, नवी पाडा, पोकळी वाढवा, नटची जागा कापा. चांगल्या गिटारवर हे करू नका. फ्लॉइड हवा असेल तर फ्लॉइडवाली गिटार घ्या.

बिग्सबी हे वेगळंच प्रकरण. तो ब्रिज नसून तारा धरणारा शेपटाकडचा भाग आहे, खरा ब्रिज त्याच्या पुढे वेगळा असतो. स्वर थोडाच हलतो पण फार गोड हलतो. तिथे तार नटइतकीच पुढच्या ब्रिजच्या सॅडलवर घासते, म्हणून चाचणीत नट निर्दोष ठरला तर सॅडल बघा. चाकाची सॅडलं असलेला ब्रिज बराच फरक पाडतो. सपाट बॉडीच्या गिटारला बी५, कमानदार माथ्याच्या गिटारला बी७ असं साधारण गणित. दोन्हींना पुढे तारा खाली दाबणारी आडवी दांडी असते, तिच्यामुळे सॅडलवरचा कोन तीव्र होतो आणि घर्षण वाढतं. भोक न पाडता बिग्सबी बसवता येईल अशा पट्ट्याही मिळतात. आधी त्या वापरून बघा, आवडलं नाही तर सगळं होतं तसं करता येतं. आणि तारेचं गोळीचं टोक पिनेत अडकवण्याआधी शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर पेन्सिलीभोवती वाकवून घ्या, नाहीतर एका हाताने तार धरून दुसऱ्याने खुंटी फिरवताना ते पाच वेळा निसटेल.

मोजमाप

इथे मी एकदा आपटलोय. सहा स्क्रूंचा ब्रिज, सहा स्क्रूंचाच नवा मागवला, दिसायला हुबेहूब. मधले दोन स्क्रू छान गेले. त्यांच्या शेजारचे जरा तिरके गेले, म्हटलं चालेल. टोकाच्या स्क्रूचं टोक प्लेटच्या भोकातून डोकावलं तेव्हा त्याच्याखाली लाकडातलं भोक नव्हतंच, कडेचा रंग होता, आणि तो माझ्या पिळण्याने टवका होऊन उडाला. जुन्या मापात टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ५६.४ मिमी असतं, दुसऱ्या प्रचलित मापात ५२.५ मिमीच्या आसपास. शेजारच्या दोन स्क्रूंमधला फरक मिलिमीटरहूनही कमी, म्हणून मधे कळत नाही. टोकाला पोचेपर्यंत तो दोन्हीकडे जवळजवळ दोन-दोन मिमी होतो.

तेव्हा व्हर्निअर घ्या. दोन स्क्रूंच्या किंवा पोस्टच्या मध्यबिंदूंमधलं अंतर डोळ्याने धरायला जाऊ नका. एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच येतं. मग सहाव्या ते पहिल्या तारेचं सॅडलवरचं अंतर मोजा. ५६ च्या जागी ५२.५ आलं तर तारा फ्रेटबोर्डवर आत सरकतात, तेवढं चालतं. उलट झालं तर अरुंद नेकवर पहिली ई फ्रेटच्या टोकावरून खाली घसरते, आणि ते अजिबात चालत नाही.

ब्लॉकची, म्हणजे प्लेटखाली पोकळीत लोंबणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची, खोली विसरू नका. पूर्ण जाडीची बॉडी ४४-४५ मिमी असते आणि तिच्यात ४० मिमीच्या पुढचा ब्लॉक सहज मावतो. पातळ बॉडीत तोच ब्लॉक मागच्या झाकणाबाहेर येतो. जुना ब्लॉक काढून मोजा, आणि पोकळीची रुंदीही. आर्म दाबला की ब्लॉकचं बूड शेपटाकडे झुलतं, तिथे जागा लागते.

आर्मचंही तसंच. अमेरिकी जुन्या पद्धतीच्या ब्लॉकमध्ये १०-३२ या इंची मापाचे आटे असतात, आशियाई बनावटीत बहुधा एम५ किंवा एम६ या मेट्रिक मापाचे. १०-३२ चा व्यास ४.८३ मिमी आणि एम५ चा ५. आट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखंच असल्याने एम५ चा आर्म १०-३२ च्या भोकात दोन-तीन वेढे ‘थोडा घट्ट जातोय’ असं वाटत जातो. तिथेच थांबा. पुढे गेलात तर आटे गेले. नव्या ब्रिजबरोबर आलेलाच आर्म वापरा.

बसवणं

अंतरं जुळत असतील तर काम तासाभराचं आहे. तारा काढा, मागून स्प्रिंगा पक्कडीने उतरवा (डोळ्यांवर चष्मा हवा, स्प्रिंग निसटली की तोंडाच्या दिशेनेच येते), जुना ब्रिज वर उचलून घ्या, नवा बसवा. जुना क्लॉ चांगला असेल तर तोच राहू द्या. त्याला अर्थिंगची वायर सोल्डर केलेली असते आणि क्लॉ पत्र्याचा मोठा तुकडा असल्याने ती परत चिकटवायला बराच तापवावा लागतो.

अंतरं जुळत नसतील तर जुनी भोकं बुजवावी लागतात. काड्यापेटीच्या काड्या आणि गोंद हा प्रकार पट्ट्याच्या खुंटीसाठी ठीक आहे, ब्रिजसाठी नाही. या स्क्रूंवर रात्रंदिवस चाळीस किलो ओढ आहे. भोक स्वच्छ गोल करा, कठीण लाकडाची गोल दांडी घट्ट बसेल अशी निवडा, लाकडाचा गोंद लावून ठोका, एक पूर्ण दिवस सुकू द्या, मग वरून सपाट कापा. पोस्टचे जुने बुश काढायची युक्ती सोपी आहे: बुशच्या तळाशी जुन्या अ‍ॅलन कीचा छोटा तुकडा टाका आणि पोस्ट आत पिळत जा. पोस्ट तुकड्यावर टेकला की त्याला खाली जायला जागा उरत नाही आणि बुश आपोआप वर येतो. आधी कडेचा रंग धारदार पात्याने गोल कापून घ्या, नाहीतर बुशबरोबर रंगाचं पापुद्रं निघतं.

नव्या भोकांची जागा ठरवताना पट्टीपेक्षा दोरा बरा. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी नटपासून सॅडलपर्यंत दोन दोरे ताणा, आणि शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवा. पुढे-मागे ठरवायला नट ते बारावा फ्रेट मोजा. ६४८ च्या स्केलवर ते ३२४ मिमी असतं, आणि पहिल्या तारेचं सॅडल बाराव्या फ्रेटपासून तेवढंच अधिक एक-दोन मिमी मागे हवं. जाड तारांना त्याहून आणखी मागे जायला जागा लागते, म्हणून पहिलं सॅडल त्याच्या स्क्रूवर बरंच पुढे घेऊन मगच ब्रिजची जागा पक्की करा. ड्रिल हातात धरून पोस्टची भोकं पाडू नका. एक अंश तिरकं गेलं तरी धार एकाच बाजूला टेकते. स्टँडवरचं ड्रिल नसेल तर हे एवढंच काम सुतारी वर्कशॉपमधून करून घ्या.

तोल साधणं

तरंगत्या ब्रिजचा तोल साधताना सगळ्यांची चिडचिड होते, कारण सहावी लावली की पहिली उतरते, पहिली लावली की सहावी. हे टाळायला एक लाकडी पाचर पुरते. मागच्या पोकळीत ब्लॉक आणि शेपटाकडची भिंत यांच्यामध्ये ती अशी बसवा की प्लेटची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी वर राहील. स्प्रिंगा सैल ठेवा. आता तारा सुरात लावा. ब्रिज पाचरीवर टेकलेला असल्याने हलत नाही आणि सहाही तारा एका फेरीत लागतात. मग क्लॉचे दोन्ही स्क्रू पाव-पाव वेढा आत घेत जा, आलटून-पालटून. एका क्षणी ब्लॉक पाचरीवरचा जोर सोडतो आणि पाचर आपण होऊन खाली पडते. तिथे थांबा. तारांची आणि स्प्रिंगांची ओढ सारखी झाली. ट्यूनर लावून बघा, फार तर थोडासा हात फिरवावा लागतो.

यानंतर तारांची उंची, मग सॅडल पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटचा सूर जुळवणं. याच क्रमाने, कारण उंची बदलली की जुळवलेला सूर हलतो.

फ्लॉइडवर दोन गोष्टी जास्तीच्या. बारीक ट्यूनिंगचे स्क्रू आधी मधोमध आणून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे फिरवायला जागा राहील. आणि नट आवळल्याबरोबर सगळ्या तारा चढत असतील तर नटच्या मागची आडवी दांडी खाली घ्या. तारा आवळण्याआधीच नटच्या तळाला टेकलेल्या हव्यात. नाहीतर चिमटा त्यांना खाली दाबतो आणि दाबताना ताणतो.

स्प्रिंगा घुमत असतील, वाजवणं थांबवल्यावर मागून देवळातल्या घंटेसारखी गुणगुण राहत असेल, तर त्यांच्यात फोमचा तुकडा खोचा. मी भांडी घासायचा जुना स्पंज कापून वापरतो.

आता पहिल्यासारखीच कागद-बाणांची चाचणी परत करा. दाबून झाल्यावर एखादी तार दोन-तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) इकडे-तिकडे राहिली तर राहू द्या, एवढं कानाला लागत नाही.

शेवटी अँप चालू करून गेन जरा वाढवा आणि तारांना हात लावा. हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग पोचलंय. काहीच फरक पडला नाही तर मागचं झाकण परत उघडा. क्लॉवरची वायर काम करताना निघालेली असते.